टायमिंग चेनची खडखड
पहाटेची लोकल गाठायला कात्रपमधून निघताना गाडीला किक मारली, की डावीकडून खडखड येते? शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन तिथेच असते. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक, हा हिशेब तीच राखते. आधी ऑइल आणि टेन्शनर बघा. चेन बिचारी उगाच बदनाम होते.

बदलायचीच, तर पिस्टन वर आणि दोन्ही टॅपेट ढिले हवेत. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण खाचेसमोर. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडीने नाही. जोडणी झाल्यावर किक मारायची घाई नको. प्लग काढून मॅग्नेट हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं, तर थांबा: दात चुकलेत, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय.