समाजसेवा प्रकल्पातील मोजमाप : उपयोजित संशोधनाविषयी काही विचार

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेली अभ्यासक्रमाची रचना महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. तिच्याबरोबर 'क्षेत्र प्रकल्प' आणि 'समुदाय सहभाग' हे घटक श्रेयांकांसह पदवीच्या अभ्यासक्रमात आले. समाजाकडे जाणे महाविद्यालयांना नवीन नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची चौकट प्राध्यापकवर्गाच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु त्या योजनेत विद्यार्थी स्वेच्छेने येत असे. आता ज्याला वाडीवर जाण्याची विशेष ओढ नाही, असा विद्यार्थीही हातात प्रश्नावली घेऊन तेथे जाणार आहे आणि त्याच्या भेटीचे रूपांतर गुणांत होणार आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. प्रकल्पाच्या शेवटी विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात, मार्गदर्शकाला अहवाल मिळतो, महाविद्यालयाला मूल्यांकनासाठी पुरावा मिळतो. ज्या घरातील बाईने भाताची लावणी टाकून अर्धा तास उत्तरे दिली, तिला काय मिळते? शिक्षण, क्रीडा आणि आरोग्य या तीन क्षेत्रांतील उपयोजित संशोधनाचा विचार प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे.

उपयोजित संशोधन म्हणजे काय, याची व्याख्या अध्यापक विद्यालयांत पाठ केली जाते. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये 'कृतिसंशोधन' ही कल्पना मांडली, तेव्हा कृती, तिच्या परिणामाचे निरीक्षण आणि त्यावरून सुधारलेली पुढची कृती असे चक्र त्यांना अभिप्रेत होते. आपल्याकडील बहुतेक प्रकल्प या चक्राच्या पहिल्या पावलावरच थांबतात. शिबिर होते, तपासणी होते, छायाचित्रे निघतात. त्यामुळे काही बदलले का, हे पाहण्यासाठी दुसऱ्यांदा कोणी जात नाही.

गडचिरोलीचा धडा

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना गडचिरोलीचे नाव टाळता येत नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. त्यांच्या संशोधनाची दखल जगाने घेतली, हे सर्वांना माहीत आहे. आपल्या दृष्टीने त्यातील मोजमापाची पद्धत अधिक महत्त्वाची आहे.

बालकांच्या न्यूमोनियाचेच उदाहरण घेऊ. मूल एका मिनिटात किती वेळा श्वास घेते, यावरून न्यूमोनियाचा संशय घेता येतो. परंतु गावातील सुईणीला पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नसतील तर काय करावयाचे? यासाठी मण्यांचे एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले. एक मिनिटाची वाळूची घटिका उलटी करावयाची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. ठरावीक मण्याच्या पुढे गेल्यास श्वास जलद आहे, असे समजावयाचे. दहापर्यंत मोजता येणाऱ्या स्त्रीच्या हाती निदानाचे साधन आले. संशोधकाचे मोजमाप आणि गावाचे मोजमाप येथे एकच झाले. संशोधक निघून गेला तरी मणी मागे राहिले असते.

नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोगही याच वाटेने गेला. १९९३ ते १९९५ या काळात मूळ स्थितीची नोंद झाली. त्यानंतर ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी सेवा देण्यात आली आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवण्यात आली. सेवा मिळालेल्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो सुमारे २५ वर आला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत अशी सेवा देशभर देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आधीची दोन वर्षे केवळ नोंद करण्यात 'वाया' घालवली नसती, तर नंतरची घट कोणालाही सिद्ध करता आली नसती. आपल्या अहवालांत नेमकी हीच दोन वर्षे नसतात.

एका महाविद्यालयीन विभागाने गडचिरोलीशी स्वतःची तुलना करावी, असे येथे सुचवावयाचे नाही. तेथे पूर्णवेळ डॉक्टर होते आणि आयुष्यभराची बैठक होती. पण मण्यांची कल्पना आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

क्रीडा : मैदानावरील माणसे

क्रीडा आणि समाजसेवा यांचा संबंध आपल्या प्रकल्पांत बहुधा स्पर्धा भरविण्यापुरता असतो. याबाबत जामखेडचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरोग्याच्या सभेला गावातील पुरुष येत नसत आणि आले तरी वेगवेगळ्या जातींचे लोक एकत्र बसत नसत. तेव्हा व्हॉलीबॉलचा उपयोग झाला. खेळायला तरुण जमू लागले, खेळानंतर बोलू लागले आणि त्यातून तरुण शेतकरी मंडळांची बांधणी झाली. पाणी, शेती, बालकांचा आहार हे विषय त्या मंडळांतून पुढे आले. एका चेंडूने सभेचे काम केले, असे म्हणता येईल. तेथे खेळाचे यश करंडकांवर मोजले जात नव्हते. मैदानावर कोण येतो आणि कोण अजून कडेला उभा आहे, याला महत्त्व होते.

शारीरिक शिक्षण विभागाकडे मोजमापाची साधने आधीपासूनच आहेत. शालेय वयातील तंदुरुस्ती चाचणीत ६०० मीटर धावणे किंवा चालणे हा एक घटक असतो. त्यासाठी आखलेले मैदान आणि थांबघड्याळ पुरते. मात्र कोकणात एक पथ्य पाळावे लागते. जुलै महिन्यात चिखलाने भरलेल्या मैदानावर घेतलेली वेळ आणि जानेवारीत जांभ्याच्या टणक जमिनीवर घेतलेली वेळ यांची तुलना केल्यास सर्व विद्यार्थी सुधारलेले दिसतील. ती सुधारणा पावसाळा संपल्याची असेल.

शिक्षण : एका पानाची चाचणी

शिक्षणक्षेत्राविषयी थोडक्यात सांगता येईल. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणात मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढेच वाचायला देतात. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे अशी तिची मांडणी आहे. घराच्या पडवीत, आईच्या समोर मूल वाचते. आई स्वतः निरक्षर असली तरी मूल अडखळले, हे तिला कळते. निष्कर्ष छापून येण्यापूर्वीच तो घराला समजलेला असतो. अनेक जिल्ह्यांत हे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केले आहे, ही आपल्यासाठी लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

रत्नागिरीचे वेगळेपण

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि लोकसंख्या २००१ च्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांपर्यंत घटली होती. चाकरमानी मुंबईला, घरी वृद्ध, स्त्रिया आणि शाळकरी मुले, ही या आकड्यांमागील वस्तुस्थिती. प्रकल्पाच्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ आहे. ऑगस्टच्या आरंभी केलेल्या पाहणीत आणि गणेशोत्सवात केलेल्या पाहणीत एकाच घराचे दोन वेगळे चित्र दिसेल. कोणत्या महिन्यात गेलो, हे अहवालात लिहिले नसेल तर बाकीची टक्केवारी लिहूनही फारसा उपयोग नाही. शिवाय येथे गाव म्हणजे एकसंध वस्ती नसते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या असतात आणि रस्त्यालगतच्या दोन वाड्या पाहून परतलेला गट संपूर्ण गावाविषयी लिहितो, असे वारंवार घडते.

याच जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे वालावलकर रुग्णालयाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. त्याची रूपरेषा २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींच्या आजच्या पोषणाचा त्यांच्या पुढील आयुष्यातील आजारांशी व त्यांच्या अपत्यांच्या आरोग्याशी काय संबंध आहे, हे पाहणे हा त्याचा हेतू. डेरवणलाच मोठे क्रीडासंकुल आहे, तेथे युवकांच्या क्रीडास्पर्धा होतात. रुग्णालय, मैदान आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या वयातील मुली हे तीन घटक इतके जवळ क्वचितच आढळतात. वैद्यकीय अभ्यास आपल्याला करता येणार नाही, परंतु त्या वयाच्या मुली आपल्याच वर्गांत बसतात.

एका प्रकल्पाची कल्पना

म्हणून रक्तक्षय हा विषय घेऊन प्रकल्प कसा उभा राहू शकेल, ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानतात. शासनाच्या कार्यक्रमात किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. गोळी उपलब्ध आहे. ती पोटात जाते का, हा प्रश्न आहे.

अशा वेळी गोळी घेणाऱ्या व न घेणाऱ्या मुलींची तुलना करणे नीतीला धरून होणार नाही. कोणालाही उपचारापासून दूर ठेवता येत नाही. तुलना देण्याच्या पद्धतींची करता येईल. एका तुकडीत जेवणानंतर शिक्षिकेच्या समोर गोळी घ्यावयाची, दुसरीत महिन्याच्या गोळ्या घरी न्यावयाच्या. लाल रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजणे सयुक्तिक ठरते. योगायोगाने आपल्या सत्राचा कालावधीही साधारण तेवढाच असतो.

येथे दोन धोके आहेत. पहिला साधनाचा. साहली पद्धतीत रक्ताचा रंग डोळ्यांनी जुळवावा लागतो आणि दोन व्यक्तींचे आकडे वेगळे येऊ शकतात. जूनमध्ये साहली व ऑक्टोबरमध्ये डिजिटल यंत्र वापरले तर आलेला फरक यंत्रांचा की रक्ताचा, हे सांगता येणार नाही. दुसरा धोका संख्याशास्त्रीय असून तो अधिक फसवा आहे. केवळ सर्वांत कमी हिमोग्लोबिन असलेल्या मुली निवडल्या, तर दुसऱ्या मोजणीत त्यांची सरासरी काहीही न करता थोडी वाढते, कारण पहिल्या खेपेस काहींचे आकडे योगायोगाने कमी आलेले असतात. यास सरासरीकडे होणारे प्रतिगमन म्हणतात. तुलनेचा गट नसलेल्या कितीतरी यशस्वी अहवालांचे यश बहुधा एवढेच असावे.

त्याच मुलींची ६०० मीटरची वेळ शारीरिक शिक्षण विभागाने नोंदविली, तर मैदान आणि रक्त यांचा संबंध मुलींना स्वतःच्या पायांनी कळेल. धावताना लवकर दम लागणारी मुलगी आळशी नसेल, ही शक्यता क्रीडाशिक्षकाला डॉक्टरच्या आधी दिसू शकते. मात्र ज्या मुलीचे हिमोग्लोबिन फारच कमी आढळेल, तिला चाचणीत न धावविता त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले पाहिजे. सत्र संपण्याची वाट पाहता येत नाही.

संमतीचा मुद्दाही औपचारिक मानू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत पालकांची संमती आणि बारा वर्षांपुढील मुलाची किंवा मुलीची स्वतःची लेखी अनुमती लागते. अकरावीच्या वर्गात सर्वांसमोर हिमोग्लोबिनचे आकडे वाचून दाखविणे हे या तत्त्वांना धरून नाही. प्रत्येकीला तिचा आकडा तिच्या हाती, तिच्या भाषेत द्यावा. एक छोटे कार्ड पुरेल : तारीख, आकडा, त्याचा अर्थ, पुढची तपासणी कधी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, आवळ्यासारखे आंबट फळ सोबत असल्यास लोह चांगले शोषले जाते, एवढे दोन शब्द मागील बाजूस असावेत.

सत्राची अडचण

सर्वांत मोठी अडचण मात्र काळाची आहे. विद्यार्थी एका सत्रापुरता प्रकल्पात असतो, तर कोणताही सामाजिक बदल सत्रांत मावत नाही. यावर अनेकदा दरवर्षी नवे गाव 'दत्तक' घेण्याचा मार्ग स्वीकारला जातो. त्यामुळे गावांची यादी वाढते, ज्ञान वाढत नाही. विद्यार्थी बदलतात, पण विभाग तेथेच राहतो. महाविद्यालयाची खरी ताकद ती आहे. एका विभागाने चार वाड्या निवडून दहा वर्षे त्यांचीच नोंद ठेवली आणि प्रत्येक तुकडीने आपली वही पुढच्या तुकडीच्या स्वाधीन केली, तर एखाद्या विद्यार्थ्याचे पंधरा आठवडे दीर्घ अभ्यासाचा एक सांधा होतील. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडी सेविकेकडे राहावी. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने गावात गेल्यावर नवी प्रश्नावली काढण्यापूर्वी मागील वर्षाचे आकडे लोकांना वाचून दाखवावेत आणि ते बरोबर आहेत का, असे विचारावे. उत्तरादाखल एखादी आजी म्हणेल की त्या वर्षी अमक्याचे घर मोजायचे राहिले. तेथून त्या वर्षीचे काम सुरू करता येईल.