कंपायलरची कुरकुर

१९९७ सालची गोष्ट. गावातल्या एका पतसंस्थेला मी ठेवींवरच्या व्याजाचा प्रोग्राम लिहून दिला होता. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा, एवढीच काय ती गुंतागुंत. पहिल्या सहामाहीला तिथले जुने कारकून खतावणी काखेत मारून आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या मशीननं सगळ्या गावाला म्हातारं केलंय!" खरेच, कॉलेजातल्या पोरांनाही जादा व्याज लागले होते.

चूक सांगण्याआधी कंपायलरची ओळख करून देतो. 'सी'सारख्या भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा दुभाष्या. मजकूर व्याकरणात बसला नाही, की तो 'एरर' दाखवून अडून बसतो. पडद्यावर तीस एरर पाहून माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे पडत. पण चुका तीस नसतातच. एक अर्धविराम राहिला किंवा एक कंस मिटला नाही, की दुभाष्याचा धागा सुटतो आणि पुढच्या धडधाकट ओळीही त्याला चुकीच्या वाटू लागतात. शिवाय अर्धविराम राहिला हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळते, म्हणून बोटही बहुधा पुढच्या ओळीकडे दाखवतो. तेव्हा पहिली चूक तेवढी दुरुस्त करावी, एक ओळ वरही पाहावी आणि पुन्हा कंपाइल करावे.

'वॉर्निंग'चे तसे नाही. व्याकरण शुद्ध असते, प्रोग्राम तयार होतो. कंपायलर फक्त कुरकुरतो. 'सी'मध्ये बरोबरचे एक चिन्ह म्हणजे 'ही किंमत ठेव' आणि दोन चिन्हे म्हणजे 'सारखे आहे का?'. 'खात्याचा प्रकार २ आहे का?' असे विचारताना मी एकच चिन्ह टाकले होते. यंत्राने निमूटपणे प्रत्येक खात्याचा प्रकार २, म्हणजे ज्येष्ठ नागरिक, करून टाकला. शून्य नसलेली किंमत 'सी' खरी मानते, त्यामुळे अट दरवेळी पुरी झाली. टर्बो सीने मला 'पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट' असे बजावलेही होते. 'पॉसिबली'च ना, असे म्हणून मी पुढे गेलो!

हेच चिन्ह कुणी मुद्दामही वापरू शकतो. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मूळ मजकुराच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, असे विचारल्याचा आव. प्रत्यक्षात एकाच चिन्हाने तो शून्य होणार, आणि शून्य क्रमांक म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. भोवती जादा कंस घातल्याने कंपायलरही कुरकुरला नसता, कारण तसे कंस म्हणजे 'हे जाणूनबुजून केले आहे' अशी त्याला खूण. दोन प्रती जुळेनात म्हणून ते वेळीच पकडले गेले.

जीसीसी हा कंपायलर तर '-डब्ल्यूऑल' हा पर्याय दिल्याशिवाय असल्या बऱ्याच शंका बोलूनही दाखवत नाही. मी तो कायम चालू ठेवतो.

पतसंस्थेतले जादा व्याज खात्यांतून परत वळते करायला कारकुनांना आणि मला दोन रविवार लागले. दोन्ही दिवस चहा मी पाजला.