मोफत कोडिंग कोर्स पूर्ण केला, तरी सर्टिफिकेट का मिळत नाही?

मुळशीतल्या नांदे गावात घरबसल्या आयआयटीच्या प्राध्यापकांकडून पायथन शिकता येतं, तेही मोफत. त्यासाठी 'स्वयम्' पोर्टलवर एनपीटेलचे कोर्स आहेत. पण सगळे व्हिडिओ बघितले म्हणजे पास झालो, असं नसतं.

८ आठवड्यांच्या कोर्सचं गणित साधारण असं:

असाइनमेंट (२५ गुण): दर आठवड्याला एक. ८ पैकी सर्वाधिक गुणांच्या ६ धरतात.

परीक्षा (७५ गुण): केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तिची नोंदणी आणि फी वेगळी. अनेकांचं घोडं इथेच अडतं.

पास कधी? असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण, दोन्ही हवेत. म्हणजे परीक्षेत ७० मिळाले, पण असाइनमेंटमध्ये ९च, तर बेरीज ७९ होऊनही सर्टिफिकेट नाही.

काही प्रोग्रॅमिंग कोर्सना कोड लिहिण्याचे वेगळे गुण असतात. त्यामुळे नाव नोंदवतानाच कोर्सच्या पानावरचे निकष वाचा.

कॉलेजचे क्रेडिट हवेत? यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स 'स्वयम्'वरून घेता येतात. पण तुमचं कॉलेज कोणते कोर्स मान्य करतं, हे आधीच विचारा. आठ आठवड्यांनंतर विचारून उपयोग नाही.