उचल आणि वेठ

वेठबिगार म्हटली की जुना खोत आणि त्याच्या दारी राबणारी कुळे डोळ्यांसमोर येतात. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठीस मनाई केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराच्या अंगावरील कर्जही रद्द ठरवले. मग प्रश्न उरला कोठे?

आमच्या कोलाड-पेण भागातील कातकरी वाड्यांत याचे उत्तर मिळते. पावसाळ्यात घरातले धान्य संपते. अशा वेळी वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर जोडपे मुलाबाळांसह भट्टीवर जाते. मुलांची शाळा तेथेच सुटते. हिशेब पावसाच्या तोंडावर होतो आणि वही मालकाच्या हाती असते. खर्ची वजा जाता बाकी निघाली, की पुढचा हंगामही त्याच भट्टीवर!

उचल घेतली म्हणजेच वेठ झाली असे नव्हे. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसणे, ही खरी वेठ. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीही वेठच ठरवली. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात पुढचे पाऊल पडले. मजुराकडून सक्तीने काम घेतल्याचे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. कारण अडाणी मजूर कागद कोठून आणणार?

आता व्यापाराची बाजू पाहू. वीट भट्टीवरून दलालाकडे, तेथून ठेकेदाराकडे आणि शेवटी शहरातील इमारतीत जाते. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीच्या मजुरीविषयी माहिती देणे बंधनकारक केले. परंतु ते स्वतःच्या कारखान्या-कचेऱ्यांपुरते. पुरवठादारांची तपासणी किती केली, हे सांगणे ऐच्छिक आहे. भट्टी नेमकी तेथेच सुटते.

सरकारी बाजूस जिल्हा व प्रांत पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषास १ लाख, तर स्त्रिया व मुलांना २ लाख रुपये ठेवले आहेत. पण आधी मजूर वेठबिगार होता, हे अधिकाऱ्याने मान्य करावे लागते.

मित्रहो, ही पायरी अर्जाने सुरू होते. वाडीवर ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज लिहून प्रांत कचेरीत नेणे आपल्याला जमण्यासारखे आहे. आपण शिकलो त्याचा तेवढा तरी उपयोग व्हावा.