बुऱ्हाणपूरचं कापड, ऑफिसचं नवं रूप
छोट्या ऑफिसचं रूप पालटायचंय? सुताराला बोलावण्याआधी बुऱ्हाणपूरच्या बाजारात एक चक्कर माराच! यंत्रमागांचं गाव हे, साधं सुती कापड सहज मिळतं. पडद्यांसाठी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या आणि शिवण्याआधी भिजवून वाळवा. कोरं कापड आटतं, मग पडदा वर चढतो. लोंबत्या वायरी केसिंग पट्टीत बसवा, निम्मा पसारा तिथेच असतो. रंग एकाच भिंतीला, टेबलामागच्या, बाकी पांढऱ्या. छटा सुचत नसेल तर बुऱ्हाणपूरच्याच शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरचं मुघलकालीन रंगकाम बघून या. काय सुंदर आहे ते! आणि जिल्हा केळीचा, तेव्हा फायलींसाठी प्लॅस्टिकऐवजी केळीच्या धाग्याची टोपली घ्या.