आठ बाइट्सचा माग

एप्रिल २०२१. जर्मनीतल्या सीएम४ऑल या वेबहोस्टिंग कंपनीकडे एका ग्राहकाची तक्रार आली, की डाउनलोड केलेल्या अ‍ॅक्सेस लॉगची जीझिप फाइल उघडत नाही. तिथला प्रोग्रॅमर माक्स केलरमान याने फाइल तपासली. आतला मजकूर ठीक होता, शेवटचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, तेवढा चुकलेला होता. त्याने तो हाताने दुरुस्त केला आणि तक्रार निकालात काढली. काही महिन्यांनी तशीच तक्रार पुन्हा आली, मग पुन्हा. दर वेळी मजकूर शाबूत आणि शेवट बिघडलेला.

कंटाळून त्याने जुन्या लॉगची झाडाझडती घेतली, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. बिघडलेल्या फाइली प्रामुख्याने महिन्याच्या अखेरच्या दिवसाच्या होत्या. आणि त्यांच्या शेवटी सीआरसी असतो त्या ट्रेलरच्या जागी तेच ते आठ बाइट्स होते: ५०, ४बी, ०१, ०२, १ई, ०३, १४, ००. पहिले दोन म्हणजे 'पीके', झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. झिप फाइलच्या शेवटी जी अनुक्रमणिका असते, तिच्या मथळ्याची ही सुरुवात. पण लॉगच्या फाइलीत झिपचा मथळा येईलच कसा? ग्राहकाने महिन्याभराचे लॉग मागितले की कंपनीची एक सेवा रोजच्या फाइली जोडून झिप बनवून पाठवायची हे खरं, पण त्या सेवेला लॉगच्या फाइलींवर लिहायची परवानगीच नव्हती.

उत्तर शोधायचं तर 'आयओव्ही_इटर' या लिनक्स कर्नलमधल्या इटरेटरचं चरित्र बघावं लागतं.

त्याचा जन्म २००७ मधला, एका डेडलॉकच्या पोटी. प्रोग्रॅमने फाइल मेमरीत मॅप केली आणि एखाद्या पेजमधलाच मजकूर त्याच पेजवर लिहायला सांगितला, तर कर्नल आधी पेज लॉक करायचं आणि मग मजकूर उचलायला जायचं. तेवढ्यात पेज फॉल्ट झाला की त्या फॉल्टलाही तोच लॉक हवा असायचा. प्रोसेस स्वतःचीच वाट बघत बसायची. कर्नलचा प्रोग्रॅमर निक पिगिन याचा उपाय असा होता, की कॉपी करताना फॉल्ट होऊच द्यायचा नाही. अर्धवट कॉपी झाली तर लॉक सोडायचा, पेज आणायचं आणि राहिलेलं पुढे उचलायचं. त्यासाठी आपण कुठवर आलो होतो ते नेमकं लक्षात हवं. १९८३ च्या ४.२बीएसडीपासून चालत आलेल्या रीडव्ही-राइटव्हीमुळे एकाच कॉलमध्ये अनेक बफर येऊ शकतात (लिनक्समध्ये १०२४ पर्यंत), म्हणजे कितव्या बफरमध्ये कितव्या बाइटवर हा हिशेब आला. पिगिनने तो चार फील्डच्या एका स्ट्रक्टमध्ये बांधला: बफरची यादी, उरलेले बफर, चालू बफरमधला ऑफसेट आणि उरलेले बाइट्स. पोथी वाचताना मध्ये मोरपीस ठेवावं, तेवढंच त्याचं काम. लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत ते आलं. इतका नेटका आरंभ कर्नलमधल्या फार थोड्या गोष्टींना लाभला असेल.

मधली सहा-सात वर्षं पुढे ढकलायला हरकत नाही. २०१४ मध्ये अल व्हायरो या फाइल सिस्टिम विभागाच्या मेंटेनरने हे स्ट्रक्ट हाती घेतलं. ३.१६ मध्ये 'रीड_इटर' आणि 'राइट_इटर' आले. डेटा युजरच्या मेमरीत आहे, कर्नलच्या, की ब्लॉक लेयरच्या पेजमध्ये, हे फाइल सिस्टिम लिहिणाऱ्याने आता विचारायचं कारण उरलं नाही. ते इटरेटरने बघायचं. याचा एक मोठा फायदा पुढे दिसला. पूर्वी कर्नलला स्वतःच्या मेमरीत फाइल वाचायची असली तर 'सेट_एफएस' वापरून तो पत्ता युजरचाच असल्याची बतावणी करावी लागे, आणि ती बतावणी मागे घ्यायची राहिली तर कर्नलची सगळी मेमरी उघडी पडे. २०१० मध्ये नेल्सन एल्हेजने अशीच एक फट शोधली होती. हा प्रकार क्रिस्टोफ हेलविगने ५.१० मध्ये एक्स८६ वरून काढून टाकला. त्या कामामागे इटरेटरचा आधार होता.

मग २०१६ आलं. स्प्लाइस हा सिस्टिम कॉल फाइलचं पेज कॉपी न करता थेट पाइपमध्ये अडकवतो. व्हायरोने ४.९ मध्ये इटरेटरला पाइपचा नवा प्रकार जोडला, म्हणजे ज्या फाइल सिस्टिमला 'रीड_इटर' येतं तिला स्प्लाइस जवळजवळ फुकटात मिळावं. हेतू चांगला होता, पण घोटाळा इथेच झाला. हा प्रकार नुसती जागा लक्षात ठेवत नव्हता, तो पाइपमध्ये पेज भरत होता, नवी मिळवत होता आणि मागे सरकायला सांगितलं की भरलेली सोडून देत होता. इटरेटर हिशेबनीस न राहता कोठारावर हात चालवू लागला. बाहेरून इंटरफेस पूर्वीइतकाच सोपा दिसत होता, आतला गुंता मात्र वाढला होता. त्या गुंत्यात दोन फंक्शनमध्ये पाइप-बफरच्या 'फ्लॅग्ज'ला सुरुवातीची किंमत द्यायची राहिली.

चार वर्षं काहीच बिघडलं नाही, कारण त्या फील्डमधल्या शिळ्या किमतीने नुकसान होईल असा फ्लॅगच नव्हता. २०२० मध्ये ५.८ साठी पाइपचा कोड आवरताना 'या बफरमध्ये पुढचं लिखाण मिसळायला हरकत नाही' ही खूण फ्लॅग्जमध्ये गेली. तो बदलही कोड सोपा करण्यासाठीच होता. दोन्ही बदल एकेकटे निर्दोष दिसतात. एकत्र आले आणि दार उघडलं: जुन्या वापरातली खूण तशीच राहिलेल्या जागी फाइलचं पेज अडकवलं, की पाइपमधलं पुढचं लिखाण थेट त्या फाइलच्या पेज कॅशवर, म्हणजे तिच्या मेमरीतल्या प्रतीवर.

केलरमानच्या फाइलींचं कोडं आता सुटतं. सेवा दिवसाची फाइल शेवटचा आठ बाइट्सचा ट्रेलर वगळून स्प्लाइस करायची. अखेरच्या दिवसानंतर पाइपमध्ये झिपची अनुक्रमणिका लिहिली जायची. ती मिसळली त्याच पेजमध्ये, नेमकी ट्रेलरवर. आठ बाइट्सनंतर फाइल संपत असल्याने बाकीची अनुक्रमणिका फाइलीत दिसलीच नाही. केलरमानने दोन चिमुकले सी प्रोग्रॅम लिहून हे सिद्ध केलं, २० फेब्रुवारी २०२२ ला कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी पिक्सेल ६ फोनवर तेच करून पाहिलं. ७ मार्चला सगळं जाहीर झालं. 'डर्टी पाइप' या नावाने गाजलेल्या या चुकीमुळे फाइल नुसती वाचता येणारा कुणीही तिचा पेज कॅशमधला मजकूर बदलू शकत होता, पासवर्डची फाइलसुद्धा. दुरुस्ती दोन ओळींची होती: फ्लॅग्ज शून्य करा.

पण खरी दुरुस्ती नंतर झाली. त्याच वर्षी ६.० मध्ये व्हायरोने एकाच बफरचा साधा प्रकार आणला, कारण साध्या रीड-राइटमध्ये बफर एकच असतो आणि त्याच्यासाठी यादी बांधणं व्यर्थ आहे. २०२३ मध्ये डेव्हिड हॉवेल्सने स्प्लाइसचं वाचन वेगळ्या वाटेने नेलं आणि ६.५ मधून पाइपचा प्रकार काढून टाकला. पुढे ६.७ मध्ये त्याने इटरेटरमधली वाचायला अवघड मॅक्रोंची जाळी साध्या इनलाइन फंक्शनमध्ये बदलली. पाइपचा प्रकार काढणं हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा बदल. जागा आणि प्रगती यांपलीकडे इटरेटरने काही सांभाळू नये, हे पिगिनच्या चार फील्डमध्ये आधीच होतं.

आपल्याकडे ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला डेडलॉकची व्याख्या पाठ करून घेतली जाते. शिकवणाऱ्यांनी त्याऐवजी एक तास केलरमानचा अहवाल वर्गात वाचावा आणि शेजारी कर्नलची 'आयओव्ही_इटर' ची फाइल उघडून ठेवावी. दोन्ही इंटरनेटवर मोफत मिळतात.