गुणांचे भाकीत

परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या बहुतेकांना भारतात नोंदणीसाठी 'एफएमजीई' उत्तीर्ण व्हावे लागते. २००२पासून ही परीक्षा होते. ३०० बहुपर्यायी प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यास १५० गुण हवेत.

माझ्या भाचीला सराव परीक्षेत १५५ मिळाले. "मामा, आता पास धरूनच चाला!" ती म्हणाली. मी कागद-पेन्सिल घेतली.

समजा, एखाद्याला १०० उत्तरे पक्की येतात. उरलेल्या २०० प्रश्नांत चारांपैकी एक पर्याय त्याने डोळे मिटून निवडला, तरी सरासरीने ५० बरोबर येतात. बेरीज १५०! पण ते ५० कधी ४४ होतात, कधी ५६. ज्ञान तेवढेच, निकाल वेगळा. म्हणून १५५चा खरा अर्थ '१४५ ते १६५मधले काहीही'. त्यात प्रश्न आधी पाहिलेले असतील, तर तेवढाही भरवसा नाही.

मी तिला नवी प्रश्नपत्रिका सोडवताना केवळ खात्रीच्या उत्तरांवर खूण करायला सांगितले. बरोबर खुणा १०४ निघाल्या. ती मुकाट्याने पुस्तकाकडे वळली. रुग्णासमोर चार पर्याय छापलेले नसतात, हे मला सांगावे लागले नाही.